कमाल शक्तीला इंजिनाची कार्यक्षमता किती? वर्गमुळाचं सूत्र कुठे चालतं आणि कुठे फसवतं

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोळशावरचा ५०० मेगावॅटचा वीजनिर्मिती संच, मुख्य वाफ ५३७ अंश सेल्सिअस, कूलिंग वॉटर ३० अंश. कार्नोच्या हिशेबाने, म्हणजे या दोन तापमानांमध्ये तत्त्वतः शक्य असलेली सर्वोच्च, ६२.६ टक्के कार्यक्षमता यायला हवी, प्रत्यक्षात हाती लागतात ३६ ते ३८. कर्झन-आलबोर्न सूत्रात, म्हणजे १ − √(थंड/उष्ण) मध्ये, तेच आकडे केल्विनमध्ये घातले की ३८.८ टक्के येतात. मग हीच खरी मर्यादा मानायची का? आणि संच कमाल शक्तीला चालवतात म्हणूनच कार्यक्षमता एवढी पडते का?

दोन्ही प्रश्नांचं उत्तर ‘नाही’ असं आहे. सूत्र चुकीचं नाही, पण ते एका विशिष्ट प्रश्नाचं उत्तर आहे आणि तुमच्या संचाला तो प्रश्न कोणी विचारलेलाच नाही. आधी सूत्र येतं कुठून ते आकड्यांनिशी पाहू. त्याशिवाय ते कुठे लावायचं हे कळणार नाही.

कार्नो इंजिनाला उष्णता घेताना उगमाइतक्याच, म्हणजे जिथून उष्णता येते त्याच्याइतक्याच, तापमानाला राहावं लागतं. तापमानात फरकच नसेल तर उष्णता वाहणार किती वेगाने? शून्य. म्हणून कार्नोची कार्यक्षमता पूर्ण मिळते तेव्हा शक्ती शून्य असते. शक्ती हवी असेल तर इंजिनाच्या आतलं तापमान उगमापेक्षा खाली आणि कंडेन्सरच्या बाजूचं तापमान थंड पाण्यापेक्षा वर ठेवावं लागतं. हा फरक जितका मोठा तितकी उष्णता जास्त येते, पण इंजिनाच्या वाट्याला येणारी तापमानाची दरी तितकीच अरुंद होते. या दोहोंच्या मध्ये कुठेतरी शक्ती कमाल होते.

हे गणित फ्रान्समध्ये शांबादाल आणि सोव्हिएत संघात नोविकोव्ह यांनी १९५७ च्या सुमारास मांडलं होतं. कर्झन आणि आलबोर्न यांचा लेख १९७५ चा. नाव मात्र त्यांचं चिकटलं.

आता आकडे. वर्गमुळं सुटसुटीत यावीत म्हणून उगम ६२५ केल्विन (३५२ अंश सेल्सिअस) आणि थंड बाजू ३२४ केल्विन (५१ अंश) घेऊ. गरम बाजूच्या हीट एक्स्चेंजरची क्षमता एका केल्विनच्या फरकाला २० किलोवॅट, थंड बाजूचीही तेवढीच. दोन्ही एकामागे एक आहेत, म्हणून एकत्रित क्षमता (२० × २०) ÷ (२० + २०) = १० किलोवॅट प्रति केल्विन. आतलं चक्र पूर्ण प्रतिवर्ती (आत कसलाही तोटा नसलेलं), तोटा फक्त एक्स्चेंजरमध्ये. आतल्या थंड आणि उष्ण तापमानांचं गुणोत्तर ‘ग’ धरलं तर:

घेतलेली उष्णता = १० × (६२५ − ३२४/ग)
शक्ती = (१ − ग) × घेतलेली उष्णता

‘ग’ बदलत शक्ती कमाल कुठे होते ते शोधलं की ग = √(३२४/६२५) = ०.७२ मिळतं. कार्यक्षमता २८ टक्के, उष्णता १७५० किलोवॅट, शक्ती ४९० किलोवॅट. आतली तापमानं ५३७.५ आणि ३८७ केल्विन, म्हणजे गरम बाजूला ८७.५ आणि थंड बाजूला ६३ केल्विन वाटेतच खर्ची पडले. कार्नोचा आकडा इथे ४८.२ टक्के.

एक गोष्ट लगेच नजरेत भरते: २८ टक्क्यांत एक्स्चेंजरच्या क्षमतेचा मागमूसही नाही. कंडेन्सरच्या नळ्यांत स्केल (क्षारांचा थर) धरून थंड बाजू २० वरून १२ वर आली, तर एकत्रित क्षमता ७.५ होते आणि कमाल शक्ती ४९० वरून ३६७.५ वर घसरते. कार्यक्षमता ‘कमाल शक्तीला’ अजूनही २८ टक्केच! सूत्राला याचा पत्ता लागत नाही, बिलाला मात्र लागतो. समजा तुम्हाला ३४० किलोवॅटच हवे आहेत. नळ्या स्वच्छ असताना हे काम ४० टक्के कार्यक्षमतेने, ८५० किलोवॅट उष्णतेत व्हायचं. स्केल धरल्यावर तेवढ्याच ३४० साठी सुमारे ९९४ किलोवॅट लागतात आणि कार्यक्षमता ३४.२ वर येते. म्हणजे १७ टक्के जादा इंधन.

या मॉडेलमधली खरी कामाची गोष्ट म्हणजे शिखराचा आकार. त्याच इंजिनाचे (स्वच्छ नळ्या) चार बिंदू पाहा:

कार्यक्षमता २० टक्के: उष्णता २२०० किलोवॅट, शक्ती ४४०
कार्यक्षमता २८ टक्के: उष्णता १७५०, शक्ती ४९०
कार्यक्षमता ३५ टक्के: उष्णता १२६५, शक्ती ४४३
कार्यक्षमता ४० टक्के: उष्णता ८५०, शक्ती ३४०

शिखरापाशी शक्तीचा आलेख सपाट असतो, इंधनाचा नसतो. २८ वरून ३५ टक्क्यांवर आलात तर शक्ती जेमतेम १० टक्के कमी होते, पण उष्णता २८ टक्के वाचते. आणि पहिली व तिसरी ओळ शेजारी ठेवा: शक्ती जवळपास तीच, उष्णतेत मात्र ७४ टक्क्यांचा फरक. शिखराच्या चुकीच्या बाजूला इंजिन चालवण्यात कसलाही फायदा नाही. तरी लोड वाढवत नेणारा ऑपरेटर नेमका तिथे जाऊन पोचू शकतो, कारण मीटरवर किलोवॅट दोन्हीकडे सारखेच दिसतात. म्हणून लहान ओआरसी (पाण्याऐवजी कमी तापमानाला उकळणारा सेंद्रिय द्रव वापरणारं चक्र) किंवा स्टर्लिंग (बाहेरून तापवलेल्या वायूवर चालणारं इंजिन) संचावर फक्त किलोवॅट पाहून ट्यूनिंग करू नये. आत जाणारी उष्णता त्याच वेळी मोजली पाहिजे.

पैशाचा हिशेब घातला की कमाल शक्ती म्हणजे नेमकं काय ते उलगडतं. विजेचा दर युनिटला ३ रुपये आणि उष्णतेचा खर्च ०.६० रुपये प्रति किलोवॅट-तास समजा, गुणोत्तर ०.२. आता शक्तीऐवजी निव्वळ मिळकत कमाल करायची, तर वर्गमुळाच्या आत (१ − ०.२) हा गुणक येतो:

कार्यक्षमता = १ − √(०.८ × ३२४/६२५) = ३५.६ टक्के

शक्ती ४३४ किलोवॅट, उष्णता १२१९. ताशी मिळकत ४३४ × ३ − १२१९ × ०.६० = ५७० रुपये. कमाल शक्तीला हीच मिळकत ४९० × ३ − १७५० × ०.६० = ४२० रुपये. ५६ किलोवॅट सोडून दिले आणि मिळकत ३६ टक्के वाढली. इंधन फुकट असेल तर गुणोत्तर शून्य होतं आणि मूळ सूत्र जसंच्या तसं परत मिळतं. इंधन महाग होत गेलं तसं उत्तर कार्नोकडे सरकतं. गुणोत्तर ०.४८ झालं, म्हणजे थेट कार्नोच्या कार्यक्षमतेइतकं, की इंजिन चालवण्यात अर्थच उरत नाही.

थोडक्यात, वर्गमुळाचं सूत्र हे ‘इंधन फुकट, एक्स्चेंजर मोजके’ या परिस्थितीचं उत्तर आहे. भूऔष्णिक, सौर, वाया जाणारी उष्णता या ठिकाणी ते जवळपास लागू पडतं. कोळशाच्या संचात इंधन हाच सर्वात मोठा चालू खर्च असतो, तिथे ते लागू पडायचं काही कारण नाही.

मग ३८.८ टक्के कसे काय जुळले? १९७५ च्या लेखात तीन केंद्रांचा तक्ता आहे. इंग्लंडचं वेस्ट थरॉक (कोळसा, ५६५ अंश): सूत्र ४० टक्के, प्रत्यक्ष ३६. कॅनडाची कांडू अणुभट्टी (३०० अंश): सूत्र २८, प्रत्यक्ष ३०. इटलीचं लार्देरेल्लो भूऔष्णिक केंद्र (२५० अंश): सूत्र १७.५, प्रत्यक्ष १६. तक्ता देखणा आहे, म्हणूनच तो पाठ्यपुस्तकांतून फिरत राहिला. पण त्यातल्या कांडूकडे पुन्हा पाहा: प्रत्यक्ष आकडा सूत्राच्या वर आहे. जी मर्यादा ओलांडली जाते ती मर्यादा नव्हे. गॅसच्या कम्बाइंड सायकलमध्ये (गॅस टर्बाइनच्या गरम धुरावर पुन्हा वाफेचं टर्बाइन) हे आणखी ठळक होतं. टर्बाइनच्या तोंडाचं तापमान अगदी १६०० अंश आणि थंड बाजू २७ अंश धरली तरी सूत्र ६० टक्के देतं. फ्रान्समधल्या बूशँ केंद्राने २०१६ मध्ये ६२.२२ टक्क्यांची नोंद केली.

तुमच्या ५०० मेगावॅटच्या संचात तोटा कुठे होतो ते वेगळं मांडून पाहा. टर्बाइन सायकलचा हीट रेट (एक युनिट विजेला लागणारी उष्णता) सुमारे १९५० किलोकॅलरी प्रति युनिट, म्हणजे ८६० ÷ १९५० = ४४ टक्के. बॉयलर सुमारे ८६ टक्के. आपल्याकडच्या कोळशात राख आणि ओलावा भरपूर, शिवाय चिमणीतून जाणारी उष्णता. दोन्हींचा गुणाकार ३८. त्यातून पंखे, कोळसा दळणाऱ्या गिरण्या, बॉयलरला पाणी देणारे फीड पंप अशा सहायक यंत्रणेचे ५-६ टक्के वजा केले की निव्वळ ३५-३६. यात वर्गमुळाच्या मॉडेलमधला तोटा नाममात्र आहे. मॉडेल म्हणतं की आतलं चक्र प्रतिवर्ती आणि सगळा तोटा एक्स्चेंजरमध्ये. इथे उलट, टर्बाइनच्या पात्यांमधलं घर्षण आहे. उष्णता सरासरी ५३७ ला नव्हे तर त्याच्या बऱ्याच खाली दिली जाते, कारण फीड वॉटर अडीचशे अंशांच्या आसपास बॉयलरमध्ये शिरतं. आणि ज्वाळेपासून वाफेपर्यंत हजारभर अंशांची घसरण आहे, ती तर या हिशेबात धरलेलीच नाही. ५३७ अंश हे उगमाचं तापमान नाहीच; ते नळ्यांच्या पोलादाला दीर्घकाळ सोसणारं तापमान आहे. मॉडेलच्या भाषेत ते ‘आतलं’ तापमान झालं. ते ‘बाहेरचं’ म्हणून सूत्रात टाकायचं आणि उत्तर जुळलं म्हणून खूश व्हायचं, हे काही खरं नाही. थंड बाजूला ३० ऐवजी कंडेन्सरचे ४५ अंश घातले तर ३७.३ टक्के येतात. सूत्र एवढं मऊ आहे की कोणतंही वाजवी तापमान घाला, कोळशाच्या संचाचा आकडा त्याच्या आसपास सापडतोच.

संच कमाल शक्तीला चालतो की नाही, याची सोपी चाचणी प्रत्येक कंट्रोल रूममध्ये रोज होत असते. मॉडेलप्रमाणे कमाल शक्तीपासून लोड उतरवला की कार्यक्षमता वाढली पाहिजे. तुमच्या संचाचा लोड ५०० वरून २७५ वर आणा: हीट रेट सुधारतो की बिघडतो? बिघडतो, आणि चांगलाच. म्हणजे नामपट्टीवरचा पूर्ण लोड हा मॉडेलमधल्या कमाल शक्तीचा बिंदू नसून कमाल कार्यक्षमतेच्या जवळचा बिंदू आहे. डिझायनरने कंडेन्सर आणि बॉयलरला इतकं क्षेत्रफळ दिलेलं असतं की संच शिखराच्या बराच अलीकडे चालतो.

लोड उतरल्यावर कार्यक्षमता का पडते हे समजायला मॉडेलमध्ये गळती घालावी लागते. वरच्याच इंजिनात उगमाकडून थंड बाजूला थेट जाणारी ०.२ किलोवॅट प्रति केल्विनची गळती ठेवा, म्हणजे ६० किलोवॅट कायमचे वाया. कमाल शक्तीला कार्यक्षमता २८ ऐवजी २७.१ होते, फारसं बिघडत नाही. पण शक्ती कमी करत गेलात तर कार्यक्षमता ३९ टक्क्यांपर्यंत चढते, तीही २१० किलोवॅटच्या आसपास, आणि तिथून पुढे शून्याकडे कोसळते. आलेख कमानीऐवजी मिटलेल्या फासासारखा होतो. त्या फासावर दोन वेगळे बिंदू आहेत, कमाल शक्तीचा आणि कमाल कार्यक्षमतेचा, आणि शहाणपणाचं चालवणं या दोहोंच्या मधल्या तुकड्यावर. प्रत्यक्ष संचात गळतीची भूमिका सहायक यंत्रणेचा ठराविक खर्च, सीलमधली गळती आणि थ्रॉटलिंग (झडपेने वाफ अडवणं) बजावतात.

या मधल्या तुकड्यावर बिंदू निवडायचा एक नियम मेक्सिकोच्या अंगुलो-ब्राउन यांनी १९९१ मध्ये सुचवला: शक्तीतून ‘थंड तापमान × एन्ट्रॉपीची निर्मिती’ (तोट्यामुळे हुकलेल्या कामाचं माप) वजा करा आणि उरलेलं कमाल करा. गळती नसलेल्या आपल्या इंजिनाला ३७.३ टक्के, ४०४ किलोवॅट. शक्ती १७ टक्क्यांनी कमी, एन्ट्रॉपीची निर्मिती एक तृतीयांश. इंधनाचे दर अनिश्चित असतील तेव्हा पहिला अंदाज म्हणून हा बिंदू बरा पडतो.

वाया जाणाऱ्या उष्णतेचं प्रकरण वेगळं, आणि चुका सर्वात जास्त तिथेच होतात. सिमेंटच्या भट्टीतला किंवा इंजिनाच्या एक्झॉस्टचा गरम वायू हा स्थिर तापमानाचा उगम नसतो, उष्णता दिली की तो थंड होत जातो. समजा ३५२ अंशांचा, सुमारे ९.३ किलो प्रति सेकंद वाहणारा वायू, म्हणजे एका केल्विनला १० किलोवॅट. एकाच तापमानाला उकळणारं चक्र लावलंत, तर सर्वोत्तम उकळबिंदू √(६२५ × ३२४) = ४५० केल्विन, म्हणजे १७७ अंश, आणि आदर्श शक्ती पुन्हा ४९० किलोवॅट, कार्यक्षमता २८ टक्के. सूत्र इथेही तेच आलं, पण यावेळी एक्स्चेंजर अमर्याद मोठा धरूनही! कारण आता तुटपुंजा आहे तो वायूचा साठा. मात्र चक्र वायूच्या थंड होण्याशी जुळवून घेत सरकत खाली उतरलं, तर आदर्श शक्ती ८८१ किलोवॅट होते आणि कार्यक्षमता २९.३ टक्के. कार्यक्षमतेत सव्वा टक्क्याचा फरक, शक्तीत ऐंशी टक्क्यांचा. पहिल्या चक्राने ३०१० पैकी १७५० किलोवॅटच उचलले आणि बाकीचे चिमणीतून सोडून दिले, एवढंच.

म्हणून वेस्ट हीटच्या कोटेशनमध्ये ‘कार्यक्षमता २२ टक्के’ वाचून हुरळून जायचं नाही. आधी विचारायचं: वायू किती अंशांवर बाहेर सोडता? दोन-तीन दाबांचे बॉयलर, सुपरक्रिटिकल ओआरसी, मिश्रणाचे कार्यकारी द्रव ही सगळी खटपट त्या उरलेल्या उष्णतेसाठीच असते. खाली किती उतरायचं यालाही मर्यादा आहेत. गंधक असलेल्या इंधनाचा धूर १३०-१४० अंशांखाली नेला की नळ्यांवर आम्ल साचून त्या खायला लागतं. भूऔष्णिक पाण्यात सिलिका बसते. पिंच पॉइंट (एक्स्चेंजरमधल्या दोन प्रवाहांमधला सर्वात कमी तापमान-फरक) ५ केल्विनवर आणायचा हट्ट धरला तर एक्स्चेंजरची किंमत झपाट्याने चढते. वायूच्या बाजूला १५ ते २५ केल्विन ठेवणं साधारणतः परवडतं.

सिद्धांताच्या बाजूने एक भर. आतलं चक्र प्रतिवर्ती मानायचीही गरज नाही हे २०१० मध्ये एस्पोसितो, कावाई, लिंडेनबर्ग आणि व्हान डेन ब्रुक यांनी दाखवलं. चक्राला जितका वेळ द्याल तितका तोटा त्या प्रमाणात घटतो, एवढंच गृहीत धरलं तर कमाल शक्तीची कार्यक्षमता कार्नोच्या निम्म्यापेक्षा कमी नसते आणि ‘कार्नो ÷ (२ − कार्नो)’ च्या वर जात नाही. आपल्या आकड्यांत २४.१ ते ३१.७ टक्के. तोटा मुख्यतः थंड बाजूला असेल तर खालचं टोक, गरम बाजूला असेल तर वरचं. दोन्हीकडे सारखा असेल तर बरोबर वर्गमुळाचं २८. तापमानाचा फरक लहान असला की सगळ्यांची उत्तरं कार्नोच्या निम्म्यावर येऊन मिळतात. श्टुटगार्टमध्ये ब्लिकले आणि बेखिंगर यांनी २०१२ मध्ये सुमारे ३ मायक्रोमीटरच्या एका कणाचं स्टर्लिंग इंजिन लेझरच्या चिमट्यात चालवलं, त्याचीही कमाल शक्तीची कार्यक्षमता या सूत्राशी जुळली. गंमत अशी की सूत्र मेगावॅटच्या केंद्रापेक्षा तिथे जास्त प्रामाणिकपणे लागू होतं.

स्वतः मोजून पाहायचं असेल तर काही खबरदाऱ्या. तापमान केल्विनमध्येच घ्या. सेल्सिअस तसंच टाकलं तर ५३७ आणि ३० अंशांना ७६ टक्के येतात, कार्नोच्याही वर. कार्यक्षमतेचे दोन आकडे तुलनेला घेताना एक उच्च उष्मांकावरचा (धुरातली वाफ थिजण्याची उष्णता धरून) आणि दुसरा निम्न उष्मांकावरचा (ती न धरता) नाही ना, हे तपासा. नैसर्गिक वायूत एवढ्यानेच सुमारे १० टक्के सापेक्ष फरक पडतो. लहान ओआरसीत फीड पंप आणि कंडेन्सरच्या पंख्याची वीज वजा केल्याशिवाय कमाल शक्तीचा बिंदू ठरवू नका. ती वजा केली की शिखर कमी प्रवाहाकडे सरकतं. लोडची प्रत्येक पायरी तापमानं स्थिर होईपर्यंत धरा, आणि थर्मोकपल द्रवात व एक्स्चेंजरच्या भिंतीवर असे दोन्हीकडे लावा. दोन्हीकडचं तापमान कळलं तरच तोटा एक्स्चेंजरमध्ये आहे की आतल्या चक्रात, हे सांगता येतं.

थर्मोइलेक्ट्रिक मॉड्यूल (तापमानाच्या फरकातून थेट वीज बनवणारा भाग) वापरणाऱ्यांसाठी वेगळी सूचना. ‘लोडचा रोध = आतला रोध’ हा बॅटरीचा नियम मॉड्यूलच्या दोन्ही तोंडांचं तापमान बांधून ठेवलं असेल तरच कमाल शक्ती देतो. प्रत्यक्षात हीट सिंकचा (उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागाचा) रोध मध्ये असतो, आणि विद्युतप्रवाह वाढला की पेल्टिए परिणामामुळे (प्रवाहासोबत उष्णता वाहून नेली जाते त्यामुळे) मॉड्यूल जास्त उष्णता ओढून स्वतःच्याच तोंडांमधला फरक कमी करतं. अशा वेळी लोड आतल्या रोधाच्या √(१ + झेडटी) पट ठेवा. झेडटी म्हणजे मॉड्यूलच्या पदार्थाचा गुणवत्ता-अंक; तो ०.८ असेल तर १.३४ पट. हीट सिंक असा निवडा की एकूण तापमान-फरकाचा साधारण निम्मा भाग मॉड्यूलवर पडेल. पाव भागच पडत असेल तर मॉड्यूल बदलून काही होणार नाही, सिंक मोठा करा.